‘बहुधा’ म्हणजे किती?

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं शाळा सुटल्यावर इयत्ता दहावींतील एक विद्यार्थिनी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभी राहिली. ती आंत येईना आणि परतहि जाईना. तिच्या हातांत वडिलांचा मोबाइल होता. “सर, मला ३४ गुण मिळाले,” ती म्हणाली. कशांत मिळाले, कितीपैकीं मिळाले, असें मीं विचारतांच तिनें तो मोबाइल माझ्यापुढें धरला. ती शाळेची परीक्षा नव्हती. माणूस स्वमग्न आहे किंवा नाहीं याचा अंदाज घेण्याकरितां तयार केलेली ती ५० वाक्यांची एक चाचणी होती, आणि शेवटीं मोठ्या अक्षरांत ३४ हा आंकडा होता.

“परवां हीच चाचणी सोडविली तेव्हां ३१ आले, काल २९ आले आणि आज ३४. सर, मी तर एकच आहें. मग आंकडे तीन कसे?”

त्या वेळीं मला या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. पुढें महिनाभर, कांहीं तिच्यासह आणि कांहीं एकट्यानें, जें वाचन झालें त्यांतून हा लेख तयार झाला आहे. विद्यार्थ्यांनीं तो वाचावाच. परंतु पालकांनीं विशेषेंकरून वाचावा, अशी विनंति आहे. त्या मुलीच्या व तिच्या आईवडिलांच्या संमतीनें मी हें लिहीत आहें. तिचें नांव मुद्दाम दिलेलें नाहीं.

स्वमग्नता म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कारण शब्दावरून ‘आपल्याच तंद्रींत असणारा’ असा जो अर्थ मनांत येतो, तो पुरेसा नाहीं. हा कोणापासून कोणास लागणारा रोग नव्हे. मेंदूच्या वाढीची ही एक निराळी रीत असून ती अगदीं लहानपणापासून माणसाबरोबर असते. चारचौघांत बोलण्यावागण्याचे जे संकेत इतर मुलें कोणीं न शिकवितां उचलतात, ते अशा मुलास एकेक करून समजून घ्यावे लागतात. ठराविक क्रम व ठराविक विषय यांची त्याला ओढ असते. आवाज, उजेड, कापडाचा स्पर्श यांचा कोणास अतोनात त्रास होतो, तर कोणास तो जाणवतहि नाहीं. त्यांच्यांत कोणी जन्मभर बोलत नाहीं, तर कोणी विद्यापीठांत व्याख्यानें देतो. आईच्या मायेंत उणीव राहिल्यामुळें असें होतें, हा एके काळीं अमेरिकेंत फार पसरलेला समज केव्हांच खोटा ठरला आहे. लशींमुळें असें होतें, हाहि समज तसाच खोटा.

या प्रकारच्या मुलांची वर्णनें पूर्वीहि कोणी कोणी केलीं होतीं. मॉस्कोच्या डॉक्टर ग्रून्या सुखारेवा यांनीं तर ती १९२५ च्या सुमारासच लिहिलीं. परंतु जगाचें लक्ष वेधलें तें १९४३ सालीं. त्या वर्षीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉक्टर लिओ कॅनर यांनीं ११ मुलांची हकीकत एका प्रबंधांत प्रसिद्ध केली. हा प्रबंध वाचीत असतां मी एका गोष्टीवर वारंवार थांबलों. या मुलांचें शब्दांशीं असलेलें नातें फार कांटेकोर होतें.

त्यांतील एका मुलाचे वडील डॉक्टरांना सांगत होते, कीं आमच्या घरीं भिंतीवर चित्रें आहेत. मुलगा अस्वस्थ झाला व त्यानें वडिलांना दुरुस्त केलें: चित्रें भिंतीजवळ आहेत. आपल्याला हंसूं येईल. पण जरा विचार करा. कुंपणाच्या भिंतीवर कावळा बसला, असें आपण म्हणतों तेव्हां तो कावळा कोठें असतो? भिंतीच्या माथ्यावर असतो. मग चित्र ‘भिंतीवर’ कसें? मराठींतील ‘वर’ या एका शब्दाचे हे दोन अर्थ आपण रोज बिनदिक्कत वापरतों, आणि ते दोन आहेत हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. त्या मुलाच्या ध्यानांत आलें. दुसऱ्या एका मुलास वडिलांनीं ‘हो’ म्हणावयास शिकविलें, तें असें: ‘हो’ म्हटलेंस तर तुला खांद्यावर घेईन. पुढें पुष्कळ दिवस त्या मुलाच्या लेखीं ‘हो’ या शब्दाचा अर्थ ‘मला खांद्यावर घ्या’ इतकाच राहिला. तिसऱ्यानें रुग्णालयाच्या कागदावर रुग्णालयाचें नांव छापलेलें पाहून गोंधळून विचारलें, कीं हें सांगण्याची जरूर काय?

आपल्या घरांत असें मूल असेल, तर पाहुण्यानें निघतांना ‘येतों’ म्हटल्यावर तें दाराकडे पाहत बसेल. ‘जातों’ म्हणूं नये, ‘येतों’ म्हणावें, हा आपला रिवाज. त्यांतील शुभाशुभाची कल्पना त्याला कोणीं सांगितलेली नसते. आपल्याला तरी कोणीं सांगितली होती? आपण ती कळत नकळत उचलली.

आतां त्या चाचणीकडे वळूं. इंग्लंडांत केंब्रिज येथें सायमन बॅरन-कोहेन व त्यांचे सहकारी यांनीं ती २००१ सालीं प्रसिद्ध केली. वाक्यें ५०. प्रत्येक वाक्य आपल्याविषयीं कितपत खरें आहे तें सांगावयाचें. त्यासाठीं चार कोठे: पूर्ण सहमत, थोडासा सहमत, थोडासा असहमत, पूर्ण असहमत. लोकांत मिसळणें, लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे नेणें, बारकाव्यांकडे लक्ष, संभाषण व कल्पनाशक्ति अशा पांच अंगांचीं दहा दहा वाक्यें आहेत. सर्वांना ‘सहमत’ असें ओळीनें लिहीत जाणाऱ्यास फसतां यावें म्हणून कांहीं वाक्यें सुलट व कांहीं उलट ठेवलेलीं आहेत.

एका शनिवारीं दुपारीं आम्ही दोघें शाळेच्या ग्रंथालयांत बसलों. मीं तिला सांगितलें, “आज उत्तर देऊं नकोस. वाक्य वाच आणि वाचतांना मनांत जें येईल तें वहींत लिही.” तिला हें काम फार आवडलें. दोन तासांत तिनें अकरा पानें भरलीं.

समारंभाला जाण्यापेक्षां ग्रंथालयांत जाणें अधिक आवडतें काय, अशा आशयाचें एक वाक्य त्यांत आहे. तिनें तें प्रथम मोबाइलनें केलेल्या मराठी भाषांतरांत वाचलें होतें. इंग्रजी ‘पार्टी’ या शब्दाचें त्या यंत्रानें ‘पक्ष’ असें केलें, आणि ही मुलगी पहिल्या दिवशीं कोणत्या पक्षांत जावयाचें याचा विचार करीत बसली! मूळ अर्थ कळल्यावरहि अडचण संपली नाहीं. तिनें लिहिलें: ‘कोणतें ग्रंथालय? शाळेचें असेल तर हो. गांवचें असेल तर नाहीं, कारण तेथें म्हातारे मोठ्यानें वर्तमानपत्र वाचतात. समारंभ कोणाचा? किती माणसें येणार? ध्वनिक्षेपक लावणार काय?’ नाटकगृह बरें कीं वस्तुसंग्रहालय बरें, अशा अर्थाच्या वाक्यापुढें लिहिलें: ‘संग्रहालय सहलींत एकदां पाहिलें. नाटकगृह पाहिलेलें नाहीं. न पाहिलेल्या गोष्टीशीं तुलना कशी करूं?’

दुसऱ्याच्या बोलण्यांतील न बोललेला अर्थ सहज ओळखतां येतो, अशा आशयाचेंहि एक वाक्य आहे. मूळ इंग्रजींत तें ओळींच्या मधलें वाचण्याच्या वाक्प्रचारानें मांडलें आहे. शब्दशः अर्थ घेणाऱ्यांना शोधावयास निघालेल्या चाचणींत असा अलंकारिक वाक्प्रचार यावा, याची मला गंमत वाटली. तिला गंमत वाटली नाहीं. तिनें प्रामाणिकपणें लिहिलें होतें: ‘ओळींच्या मधें कागद असतो.’

आपलें बोलणें ऐकणारा कंटाळला आहे हें आपल्याला ओळखतां येतें काय, या अर्थाच्या वाक्यापाशीं तर ती पाऊण तास थांबली. तिची नोंद अशी: ‘मला ओळखतां येतें असें मला वाटतें. पण ओळखतां येत नसतें, तर येत नाहीं हें मला कसें कळलें असतें?’ मी तीस वर्षें शिकवीत आहें. माझ्या तासाला कंटाळलेलीं मुलें मला ओळखतां येतात, असा माझा समज आहे. तें वाक्य वाचल्यापासून तो समज डळमळला आहे.

नकारार्थी वाक्यांचा प्रकार निराळाच. टेलिफोनचे आंकडे आपल्या फारसे लक्षांत राहत नाहींत, अशा वाक्याशीं ‘असहमत’ म्हणावयाचें म्हणजे ते राहतात असें म्हणावयाचें. मराठींत हा घोळ आपण रोज घालतों. “तूं जेवला नाहींस ना?” असें विचारलें असतां एकजण म्हणतो “हो”, दुसरा म्हणतो “नाहीं”, आणि दोघेहि उपाशीच असतात. शिवाय २००१ सालीं लोक टेलिफोनचे आंकडे पाठ करीत. आज ते मोबाइल पाठ करतो. ज्यानें कधीं आंकडा पाठ करून पाहिलाच नाहीं, त्या पिढीनें या वाक्याला काय उत्तर द्यावें?

मोटारींच्या क्रमांकाच्या पाट्यांकडे बहुधा लक्ष जातें काय, या अर्थाचेंहि एक वाक्य आहे. मुलीचें लक्ष जातें. रस्त्यांतून चालतांना ती त्या आंकड्यांची बेरीज करते. पण तिच्या वडिलांचें मोटारदुरुस्तीचें दुकान आहे, आणि पाटीवरून गाडी ओळखणें हा त्यांचा धंदा आहे. त्यांनाहि ‘सहमत’ म्हणावें लागेल. दोघांना एकेक गुण मिळेल. कां लक्ष जातें, हें चाचणी विचारीत नाहीं. आणि मुलगी अडली ती त्याच्याहि अलीकडे, ‘बहुधा’ या शब्दावर. “सर, बहुधा म्हणजे दहापैकीं किती वेळां?” मी व्याकरण शिकवितों. बहुधा हें अव्यय आहे, एवढें मला सांगतां आलें.

मग मीं घरीं बसून मूळ प्रबंध वाचला व त्यांत गुण देण्याची रीत पाहिली. ‘पूर्ण सहमत’ व ‘थोडासा सहमत’ या दोहोंना सारखाच एक गुण आहे. दुसऱ्या बाजूलाहि तसेंच. कोठे चार दिसले तरी मोजतांना दोनच उरतात. हें तिला सांगतांच ती प्रथम गप्प बसली आणि मग जरा रागानें म्हणाली, “मग ‘पूर्ण’ कीं ‘थोडासा’ याचा मीं प्रत्येक वाक्याला विचार केला, तो कशाला?” तिचा राग रास्त होता. पण तिच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर येथेंच सांपडलें. पांचसहा वाक्यें अशीं होतीं, कीं त्यांत तिचें मन अगदीं मधोमध होतें. रोज तीं वाक्यें कधीं या बाजूस, कधीं त्या बाजूस कलत. कलण्याचें कारणहि वहींत सांपडलें. परवां तिनें उत्तरें देतांना शाळा डोळ्यांपुढें धरली होती. काल रविवार होता, घर डोळ्यांपुढें होतें. आणि आज नुकतेंच स्नेहसंमेलनाच्या तालमींतून ती रडत बाहेर आली होती. मुलगी एकच होती. वाक्यांनीं ‘कोठें’ व ‘केव्हां’ हें सांगितलें नव्हतें, म्हणून तिनें तें रोज निराळें धरलें.

आतां त्या आंकड्याचा अर्थ पाहूं; आणि येथें विद्यार्थ्यांनीं पेन्सिल हातीं घ्यावी. मूळ अभ्यासांत ज्यांचें निदान आधींच झालें होतें अशा ५८ प्रौढांचे सरासरी गुण ३५·८ आले, आणि सहज निवडलेल्या १७४ सामान्य माणसांचे १६·४. निदान झालेल्यांपैकीं शेंकडा ८० जणांस ३२ किंवा अधिक गुण पडले. सामान्यांपैकीं शेंकडा २ जणांसच तितके पडले. यावरून कोणीहि म्हणेल, कीं ज्याला ३२ पडले तो बहुतेक स्वमग्नच असणार. पण गणित करून पाहा. समजा, एका गांवांत १,००० माणसें आहेत आणि शंभरांत एक या मानानें त्यांत १० स्वमग्न आहेत. त्या १० पैकीं ८ जणांस ३२ च्या वर गुण पडतील. उरलेल्या ९९० चे शेंकडा २ म्हणजे सुमारें २० होतात. त्यांनाहि ३२ च्या वर गुण पडतील. म्हणजे ३२ च्या वरचे एकूण २८, आणि त्यांत स्वमग्न फक्त ८! शिवाय १० पैकीं जे २ खालीं राहिले, त्यांना ही चाचणी ‘तुमचें कांहीं नाहीं’ असें सांगून परत पाठवील. ज्यांना आधींच कांहीं शंका आली आहे अशांनींच चाचणी सोडविली तर हें प्रमाण बदलेल, हें खरें. पण ३२ ही कांहीं लक्ष्मणरेषा नव्हे, हें त्या आंकडेमोडीवरून दिसतें. चाचणी करणाऱ्यांनींहि ती निदानासाठीं नाहीं, असें पहिल्यापासून स्पष्ट म्हटलें आहे. मोबाइलवर मात्र तें वाक्य बारीक अक्षरांत असतें आणि आंकडा मोठ्या.

आणखी एक गोष्ट. ही ५० वाक्यांची चाचणी प्रौढांसाठीं आहे. १२ ते १५ वर्षांच्या मुलांसाठीं त्याच मंडळींनीं २००६ सालीं निराळी आवृत्ति काढली, आणि ती मुलांनीं भरावयाची नसून पालकांनीं भरावयाची आहे. आमची विद्यार्थिनी पंधरा वर्षांची. म्हणजे तिनें तीन दिवस जी परीक्षा दिली, ती तिच्या वयाची नव्हतीच.

भाषेचा व देशाचाहि प्रश्न आहे. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ब्रिटन, भारत व मलेशिया येथील विद्यार्थ्यांना ही चाचणी दिली असतां भारत व मलेशिया येथील विद्यार्थ्यांचे गुण ब्रिटनमधील विद्यार्थ्यांपेक्षां अधिक आले. आपल्याकडील मुलें वडील माणसांसमोर कमी बोलतात, डोळ्याला डोळा देत नाहींत, अनोळखी माणसाशीं गप्पा मारीत नाहींत, आणि त्याला आपण वळण म्हणतों. केंब्रिजच्या वाक्यांत हें वळण कोठें मोजलें जातें, याचा विचार केल्याशिवाय आंकड्यांची तुलना करणें धोक्याचें आहे, असें मला वाटतें.

आपल्या देशांतहि एक मापन तयार झालेलें आहे. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेनें तें २००९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत ४० बाबी आहेत. तें एकट्यानें मोबाइलवर भरावयाचें नसतें. शिक्षण घेतलेला तज्ज्ञ मुलाला पाहून व पालकांना विचारून तें भरतो. आणि त्यांत एक गोष्ट अशी आहे, कीं ती सांगतांच आमच्या विद्यार्थिनीचा चेहरा उजळला. ‘क्वचित्’ म्हणजे शेंकडा २० वेळांपर्यंत, ‘कधीं कधीं’ म्हणजे २१ ते ४०, ‘वारंवार’ म्हणजे ४१ ते ६०, ‘बहुतेक वेळां’ म्हणजे ६१ ते ८० आणि ‘नेहमीं’ म्हणजे ८१ ते १००, असें प्रत्येक शब्दाचें माप तेथें ठरवून दिलें आहे. “म्हणजे कोणाला तरी हा प्रश्न पडला होता,” ती म्हणाली.

शब्दांवर अडणारा प्रत्येकजण स्वमग्न असतो, असें मात्र कोणीं समजूं नये. वकील अडतो, हिशेबनीस अडतो, व्याकरणाचा मास्तर तर पोटासाठीं अडतो. मींहि ती चाचणी एका रात्रीं सोडविली. माझे गुण येथें छापीत नाहीं, कारण छापले तर वाचक लेख सोडून तेवढेच लक्षांत ठेवतील. पण जेथें माणूस अडतो तेथें त्याच्या मनाची ठेवण दिसते, आणि चाचणींत तीच गोष्ट टिपून घेण्यास जागा नाहीं. ५० खुणांच्या बेरजेंतून ३४ निघाले. अकरा पानांची वही त्या ३४ मध्यें कोठेंच नाहीं.

येथें मला एक अपराध कबूल केला पाहिजे. ही मुलगी आठवींत असतां मराठीच्या घटक चांचणींत मीं एक प्रश्न घातला होता: ही कविता वाचून तुम्हांस काय वाटतें तें लिहा. तिनें लिहिलें: ‘मला कांहीं वाटत नाहीं. दुसऱ्या कडव्यांत पाऊस आहे, पण पहिल्यांत ऊन आहे, तें कां बदललें तें कवीनें सांगितलें नाहीं.’ मीं शून्य दिलें. एवढ्यानें माझें समाधान झालें नाहीं. तें उत्तर मीं वर्गांत वाचून दाखविलें, आणि वर्ग हंसला. मीहि हंसलों. त्या वहीच्या शेवटच्या पानाच्या आंत तिनें तीच उत्तरपत्रिका घडी करून ठेवली होती. ती मला दाखविण्यासाठीं ठेवली नव्हती. तिला सर्व उत्तरपत्रिका जपून ठेवण्याची संवय आहे. मीं ती उघडून वाचली. तें उत्तर चांगलें होतें. ऊन जाऊन पाऊस कां आला, हा त्या कवितेविषयींचा पहिला प्रश्न असावयास हवा होता, आणि तो छत्तीस मुलांच्या वर्गांत एकीलाच पडला होता. मीं तिची क्षमा मागितली. “पण गुण?” तिनें विचारलें. दोन वर्षांपूर्वींचे गुण आतां बदलतां येत नाहींत, हें तिला समजावून सांगावयास मला बराच वेळ लागला.

तिचे वडील प्रथम हें सर्व हंसण्यावारीं नेत होते. मग एके संध्याकाळीं दुकान बंद करून ते माझ्या घरीं आले. खुर्चीच्या कडेवर बसून ते म्हणाले, “सर, पोरगी हुशार आहे. हें एकदां कागदावर आलें, कीं पुढें हिचें कसें व्हायचें? लोक काय म्हणतील? उद्यां लग्नाचें बघायचें आहे.” मीं त्यांना काय सांगावें याचा विचार करीत होतों, तोंच मुलगी म्हणाली, “बाबा, नांव मला आधींच आहे. सगळे मला हट्टी म्हणतात. मला फक्त तें बरोबर आहे का, तें बघायचें आहे.”

बराच वेळ कोणीच कांहीं बोललें नाहीं. नंतर मीं त्यांना जें सांगितलें, तें इतर पालकांच्याहि उपयोगीं पडेल. निदान मोबाइल करीत नाहीं. मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ, मुलांच्या वाढीचा विशेष अभ्यास केलेले बालरोगतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ तें करतात. त्याला एकाहून अधिक भेटी लागतात. मूल केव्हां बोलूं लागलें, कसें खेळे, कशाला भिई, हें सर्व ते आईवडिलांना विचारतात. म्हणून आजीला विचारून आधींच लिहून ठेवावें. मुलींच्या बाबतींत अधिक जपावें लागतें, कारण पुष्कळ मुली इतरांचें पाहून हंसणें, मान डोलावणें, बोलण्याची ढब हें सर्व पाठ करतात व त्यामुळें त्यांची अडचण कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. निदान झालें तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत स्वमग्नतेचा समावेश असून, परीक्षेंत जादा वेळ देणें, लेखनिक देणें यांसारख्या सवलतींची तरतूद त्यांत आहे. निदान झालें नाहीं, तरी तालमींत तिला रडूं कां आलें याचा शोध घ्यावाच लागेल. आणि डॉक्टरांकडे जातांना ३४ हा आंकडा नेला नाहीं तरी चालेल. ती वही मात्र न्यावी.

वडिलांनीं ती वही मागून घेतली आणि दिव्याखालीं धरून वाचूं लागले. गाडीच्या पाट्यांचें पान आलें तेव्हां ते थांबले. “हें तर माझेंहि होतें,” ते म्हणाले. “क्रमांकाची बेरीज नऊ आली तर गाडी लवकर दुरुस्त होते.” मुलीनें ताबडतोब विचारलें, “बहुधा, कीं नेहमीं?”

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका डॉक्टरांकडे भेटीची वेळ मिळाली आहे. दवाखान्यांतून आलेल्या संदेशांत ‘सकाळीं अकराच्या सुमारास यावें’ असें होतें. तो संदेश घेऊन ती काल माझ्याकडे आली. सुमारास म्हणजे अगोदर कीं नंतर, आणि किती मिनिटें, असें तिनें विचारलें. मला ठाऊक नव्हतें. तिच्या वडिलांनीं दवाखान्यांत फोन लावून विचारलें. पावणेअकरा, असें उत्तर आलें. तिनें तें वहीच्या बाराव्या पानावर लिहून घेतलें.